उन्हाळा आणि कुत्री: चेंडू आत ठेवा, पाणी आधी ओता

शेपूटबहाद्दर

ऊन तापायला लागलं की कुत्र्यांबद्दल तेच ते निरोप फिरायला लागतात. पाणी ठेवा, सावली द्या, गाडीत कोंडून जाऊ नका. सगळं बरोबरच आहे, पण त्यातून एक समज घट्ट बसतो की उष्माघात म्हणजे बंद गाडीत विसरलेलं कुत्रं. आपण तसले नाही, त्यामुळे आपलं कुत्रं सुखरूप! मी सुट्टीच्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात मदतीला जातो. तिथे उन्हाने आडवी होऊन येणारी बहुतेक कुत्री मालकाच्या डोळ्यांदेखत कोसळलेली असतात. खेळताना, पळताना, नाहीतर साधं फिरताना.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. ब्रिटनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या ‘व्हेटकंपास’ प्रकल्पात ९ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या होत्या. २०१६ ते २०१८ मधल्या उष्णतेच्या केसेस काढल्या, तर जवळजवळ तीन चतुर्थांश कुत्र्यांना शारीरिक श्रम भोवले होते. बंद गाडीचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास. आणि हा थंड हवेचा देश!

कारण सोपं आहे. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. बाकी सगळा भार ल्हाल्हा करण्यावर. जीभ आणि नाकातलं ओलं अस्तर यांवरून वारा जातो, ओल उडते, तेवढंच अंग थंड होतं. त्यात पळणारे स्नायू स्वतःच उष्णता तयार करत असतात. शिवाय समोर चेंडू असेल तर कुत्रं स्वतःहून थांबत नाही. ‘दमला की बसेल’ हे चेंडूवेड्या कुत्र्याच्या बाबतीत खरं नाही, ते थेट आडवंच होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: उन्हाळ्यात चेंडू कपाटात ठेवा. तुमचे अनुभव, शंका, मतभेद येऊ द्या. धाग्यावर गरमागरमी चालेल.

निळीछत्री

चांगला धागा. आमचा लॅब्रेडॉर अकरा वर्षांचा आहे. आम्ही ऊन पूर्ण उतरल्यावरच बाहेर पडतो. तरी हल्ली कोपऱ्यापर्यंत गेलो की मटकन बसतो. वय झालं म्हणून सोडून द्यायचं की अजून काही बघायला हवं? जेवण व्यवस्थित आहे. भुंकणं जरा घोगरं झालंय, पण ते म्हातारपणाचं असेल.

ढगोबा

ऊन उतरलं म्हणजे रस्ता निवला असं नाही हो. डांबर दिवसभराची उष्णता धरून बसतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा आणि सात आकडे मोजा. तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर त्याचे पायही तिथे नकोत. माती किंवा गवताच्या कडेने न्या. काँक्रीट डांबरापेक्षा बरं, पण तेही तापतंच.

पाय भाजलेले कळतात कसे तर कुत्रं एकसारखे पंजे चाटतं, लंगडतं, गादीचा रंग गडद होतो, कधी वरची साल सुटून आतलं लाल दिसतं. गार पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना. घरातली मलमं लावू नका, ते चाटून खाणार.

पोमूचीआई

आमच्या पोमेरेनियनचे केस उन्हाळ्यासाठी पूर्ण काढून टाका असं सगळे सांगतायत. एवढा झुपकेदार कोट बघून मलाच घामाघूम व्हायला होतं. काढू का?

कात्रीवाली

काढू नका! कुत्र्यांचे केस कापणं हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे हे सांगून मी माझंच गिऱ्हाईक घालवतेय.

पोमेरेनियन, हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर यांचे केस दुहेरी असतात. वरचे राठ, खाली मऊ दाट लव. वरचे केस उन्हाची तिरीप अंगापर्यंत पोचू देत नाहीत. ते मशीनने भादरले की उघडी कातडी उन्हात भाजते. पोमेरेनियनमध्ये तर भादरलेले केस महिनोन्महिने परत येत नाहीत, कधी ठिगळासारखे येतात. तुमच्या पोमूला खरी गरज आहे ती खालची सुटलेली लव काढून टाकण्याची. आठवड्यातून दोन-तीनदा लांब दातांच्या कंगव्याने, केसांच्या मुळापासून विंचरा. पहिल्या दिवशी जेवढी लव निघेल त्यात दुसरा पोमेरेनियन तयार होईल. केस मोकळे झाले की त्यांतून वारा खेळतो. गुंता असेल तिथे मात्र तो तसाच राहू देऊ नका, गुंत्याखाली हवाच जात नाही.

पोटाखालचे आणि पंजांमधले केस बारीक केले तर चालतात. गार फरशीवर पोट टेकून पडतात तेव्हा त्याचा फायदा होतो.

ढगोबा

थोडा असहमत. आमच्या शिह त्झूचे केस दर उन्हाळ्यात बारीक करतो आणि तो मजेत असतो.

कात्रीवाली

शिह त्झू आणि पूडल यांचे केस वाढतच राहतात, ते कापावेच लागतात. मी पोमेरेनियन, हस्की यांच्यासारख्यांबद्दल बोलतेय. आणि तुम्हीही ‘बारीक’ म्हणताय, ‘गुळगुळीत’ नाही. बोटभर तरी राहू द्या.

निवृत्तसुई

पशुवैद्यकीतून निवृत्त झालोय, सवय सुटत नाही म्हणून लिहितो.

@निळीछत्री, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो. म्हातारा लॅब्रेडॉर, घोगरा आवाज आणि थोडं चालून बसणं, हे तिन्ही एकत्र असेल तर वय म्हणून सोडू नका. श्वास आत घेताना घरघर किंवा करवतीसारखा आवाज येतो का, तो ऐका. लॅब्रेडॉरमध्ये उतारवयात स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडण्याचा आजार बऱ्यापैकी दिसतो. श्वास घेताना स्वरयंत्राचं दार पुरेसं उघडतच नाही. थंडीत हे खपून जातं. उन्हाळ्यात मात्र कुत्रं जोराने ल्हाल्हा करायला जातं, दार अडवतं, श्वासाला जास्त जोर लावावा लागतो, त्या जोरानेच अंग अजून तापतं. हे चक्र फार झपाट्याने फिरतं. तपासून घ्या, आणि तोपर्यंत गळ्यातला पट्टा काढून छातीभोवतीचा हार्नेस वापरा.

निळीछत्री

बाप रे. हो, झोपेत नाही पण जिना चढून आला की तसा आवाज येतो. उद्याच दाखवते.

घोरणारापग

चपट्या चेहऱ्याच्या मंडळींचाही विचार करा इथे! आमच्या पगला नाक जवळजवळ नाहीच. पहाटे दहा मिनिटं फिरवलं की संपलं. बाकी दिवस गार फरशीवर. लोक म्हणतात लाडावून ठेवलंय.

शेपूटबहाद्दर

लोकांना बोलू दे. त्याच ब्रिटिश अभ्यासात लॅब्रेडॉरशी तुलना केली होती. चाऊ चाऊला उष्णतेच्या आजाराचा धोका सुमारे १७ पट, बुलडॉगला १४ पट, फ्रेंच बुलडॉगला ६ पट. पगही धोक्याच्या यादीत आहेच. चपट्या चेहऱ्यात नाकाची पोकळी आखूड आणि आतलं सगळं दाटीवाटीने बसवलेलं, म्हणजे थंड करणारं यंत्रच लहान. त्यात वजन वाढलेलं असेल तर आणखी वाईट. लाड करायचेच असतील तर जेवणाच्या भांड्यात करू नका एवढंच.

उनाडवाट

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे तापमान फार चढत नाही पण हवा दमट असते. तरी कुत्रा दिवसभर धापा टाकतो. कूलर लावला तर काही उपयोग दिसत नाही. आम्ही उगाच काळजी करतोय का?

निवृत्तसुई

उगाच नाही. ल्हाल्हा करून अंग थंड होतं ते ओल हवेत उडते म्हणून. हवाच आधी पाण्याने भरलेली असेल तर ओल उडणार कुठे? त्यामुळे दमट दिवशी पारा कमी दिसला तरी कुत्र्याला तो कमी लागत नाही. पाण्याचा कूलरही तिथे हवेत अजून ओल सोडतो, म्हणून कोरड्या हवेत जो उपकारक तो दमट हवेत कुचकामी. खोली बंद असेल तर त्रासदायकच. तिथे एसी, नाहीतर खिडक्या उघड्या आणि पंखा.

पंख्याबद्दलही एक गोष्ट. आपल्याला पंखा गार वाटतो कारण आपल्या अंगावर घाम असतो. कुत्र्याच्या कोरड्या केसांवर वारा घालून फारसं काही होत नाही. पोट, काखा, जांघा, पंजे पाण्याने भिजवा आणि मग पंखा सोडा, फरक लगेच दिसेल. बाजारात मिळणारी ओली जॅकेटंही याच तत्त्वावर चालतात. ती वाळली की मात्र अंगावर नुसता जाडा कपडा उरतो, म्हणून परत परत भिजवायची तयारी असेल तरच घाला.

टकमक

वाचतोय. एसी गाडीत लावून पाच मिनिटं दुकानात गेलं तर चालतं ना? काच थोडी उघडी ठेवतो.

शेपूटबहाद्दर

नाही चालत. अमेरिकेत २००५ साली छापून आलेला एक अभ्यास आहे. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. बाहेर हवा सुखद होती, तरी हेच. काचा फटीएवढ्या उघड्या ठेवून जवळपास काहीच फरक पडला नाही. चालू एसीच्या भरवशावर सोडलं आणि इंजिन बंद पडलं तर आतल्याला ते सांगता येत नाही. पाच मिनिटांची वीस कधी होतात ते रांगेत उभ्या माणसाला विचारा.

चिंगीकाळूमोती

सगळे घरातल्या कुत्र्यांबद्दल बोलतायत, मी गच्चीतल्यांबद्दल बोलते. समोरच्या गच्चीत एक कुत्रा बांधलेला असतो. मालक म्हणतात, सकाळी सावलीत बांधतो की. सावली सरकते, साखळी सरकत नाही. अकरा वाजता तो बिचारा भिंतीला चिकटून उभा असतो, कारण खाली पंजा टेकवत नाही. पत्र्याचं खुराडं हे तर सावली नसून भट्टी आहे.

भटक्या कुत्र्यांसाठी पाणी ठेवणाऱ्यांना विनंती: उथळ आणि जड भांडं घ्या, सिमेंटचं किंवा मातीचं. स्टीलचं भांडं उन्हात तापतं आणि हलकं असल्याने लवंडतं. झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत ठेवा, रोज ओतून घासून परत भरा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. गल्लीत दोन टोळ्या असतील तर दोन भांडी लांब लांब ठेवा. एकाच भांड्यावर दुबळ्या कुत्र्याचा नंबर लागतच नाही.

घोरणारापग

+१. आमच्या इथे वाहनांखाली झोपतात सावलीला. गाडी काढताना बॉनेटवर थाप मारायची सवय लावून घेतलीय.

ढगोबा

आता मुख्य मुद्दा. उष्माघात झालाच तर काय करायचं? मी वाचलंय की एकदम थंड पाणी टाकायचं नाही, रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. ओला टॉवेल गुंडाळून हळूहळू थंड करत दवाखान्यात न्यायचं.

निवृत्तसुई

हे जुन्या पुस्तकांत होतं आणि अजून तोंडोतोंडी चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ओळखायचं कसं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, फॅरनहाइटमध्ये १०१ ते १०२.५. म्हणजे आपल्याला ताप वाटेल ते त्याचं रोजचं. नाक कोरडं की ओलं यावरून काही ठरत नाही. बघायचं ते हे: सावलीत आणूनही ल्हाल्हा कमी होत नाही, जीभ रुंद होऊन लोंबते आणि टोकाला पळीसारखी पसरते, हिरड्या विटकरी लाल आणि चिकट लागतात, लाळ घट्ट तारेसारखी होते. पुढे पाय लटपटतात, उलटी, जुलाब, नजर हरवलेली. हाक मारून वळून बघत नाही ही धोक्याची घंटा समजा. शेवटी झटके आणि बेशुद्धी. ४१ अंशांच्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू, रक्त गोठण्याची यंत्रणा सगळ्याला एकदम मार बसतो.

आता पाणी. मिळेल ते ओता, नळाचं, बादलीचं, पाइपचं. ते कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. पाइप उन्हात पडला असेल तर आधी आतलं उकळतं पाणी वाहून जाऊ द्या. केस वरून भिजून चालत नाहीत, कातडीपर्यंत पाणी जाईल असं बोटांनी केस उलटे करत ओता, आणि त्याच वेळी वारा घाला. पळून कोसळलेलं तरुण, धडधाकट, शुद्धीवरचं कुत्रं असेल तर टबात गार पाण्यात मानेपर्यंत बसवणं हा सर्वांत जलद उपाय आहे. रक्तवाहिन्या आकसतात वगैरे खरं असलं तरी उष्णता त्याहून कितीतरी वेगाने बाहेर जाते. म्हातारं किंवा हृदयाचा, श्वासाचा आजार असलेलं कुत्रं बुडवू नका, त्याला ओतणं आणि वारा.

टॉवेलचं म्हणाल तर तो अंगावर टाकून ठेवला की काही मिनिटांत गरम होतो आणि खालची वाफ अडवतो. टॉवेल अंगाखाली घाला, वर नको.

आणि क्रम: आधी थंड करा, मग निघा. दवाखान्याला फोन करून सांगा, तोवर पाणी ओतत राहा, मग एसी लावून किंवा काचा उघडून न्या. वर आलेल्या व्हेटकंपास प्रकल्पाच्याच २०२३ मधल्या लेखात दिसतं की दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम २२ टक्क्यांना निघण्याआधी थंड केलं होतं. बाकीचे तापलेलं कुत्रं तसंच गाडीत घालून निघाले. जीव जातो तो या रस्त्यातल्या वेळात.

टकमक

तापच आहे तर घरातलं पॅरासिटामॉल अर्धं दिलं तर निदान दवाखान्यापर्यंत...

निवृत्तसुई

अजिबात नाही. आजाराच्या तापात मेंदूच थर्मोस्टॅट (अंगाचं तापमान ठरवणारी कळ) वर करतो, ती गोळी तो खाली आणते. उष्माघातात थर्मोस्टॅट जागेवरच असतो, उष्णता बाहेरून आणि स्नायूंतून आलेली असते. त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य, आणि कुत्र्याच्या यकृताला व रक्ताला पॅरासिटामॉल विषारी ठरू शकतं. आयबुप्रोफेन तर त्याहून वाईट. पंजांना स्पिरिट चोळणंही नको.

पोमूचीआई

आणि पाणी पाजायचं का? आणि बर्फाने पोट फुगतं म्हणतात ते?

शेपूटबहाद्दर

शुद्धीवर असेल आणि स्वतः पीत असेल तर पिऊ द्या. ग्लानीत असताना तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं. बर्फाने पोट फुगतं ही अफवा आहे, निरोगी कुत्र्याने बर्फाचा खडा चाटला तर काही होत नाही. फक्त मोठा टणक खडा चावताना दात तुटू शकतो, लहान तुकडे द्या.

एरवी दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिली पाणी हा ढोबळ हिशोब, उन्हाळ्यात त्याहून जास्त लागतं. घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा. उलट बाजूही आहे: पाइपच्या फवाऱ्याला चावत तासभर खेळणारी कुत्री इतकं पाणी गिळतात की रक्तातलं सोडियम घसरतं. लटपटणं, उलट्या, फुगलेलं पोट दिसलं की त्यांनाही तातडीने न्यावं लागतं. खेळ थोडा थोडा, मध्ये विश्रांती.

उनाडवाट

थंड करताना थांबायचं कधी? पारा खालीच जात राहिला तर?

निवृत्तसुई

चांगला प्रश्न. गुदद्वारातलं तापमान दर काही मिनिटांनी बघा, ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, अंग कोरडं करा. ते आपोआप अजून थोडं उतरतं. थर्मामीटर नसेल तर श्वास शांत झाला, भोवती बघायला लागलं की थांबा. कुडकुडायला लागलं तर उशीर झालाय.

आणि उठून शेपूट हलवली म्हणून दवाखाना टाळू नका. मूत्रपिंडाचा आणि रक्त गोठण्याचा बिघाड एक ते तीन दिवसांनीही वर येतो. लघवी गडद होणं, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, शीमध्ये रक्त, ही त्याची चिन्हं.

कात्रीवाली

एक राहिलं. गुलाबी नाकाच्या, पांढऱ्या कानांच्या कुत्र्यांना ऊन भाजतं. पण आपलं सनस्क्रीन लावू नका, झिंक ऑक्साइड असलेलं तर नाहीच, चाटलं की ते पोटात जातं. कुत्र्यांसाठी वेगळं मिळतं.

निळीछत्री

अपडेट देते. दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांना स्वरयंत्राचाच संशय आहे, गुंगी देऊन आतून बघणार आहेत. तोपर्यंत हार्नेस, वजन कमी, फिरणं फक्त पहाटे आणि तेही त्याच्या चालीने. @निवृत्तसुई काका, मनापासून आभार. एक विचारायचं होतं. तपासणीला तो घाबरून तोंड मारतो, म्हणून जाताना तोंडाला पट्टी बांधतो आम्ही. या उन्हात चालेल का?

निवृत्तसुई

कापडी पट्टी किंवा तोंड घट्ट मिटवणारं मुसकं नको, तोंड मिटलं की ल्हाल्हा बंद, आणि याच्या बाबतीत तर श्वासच अडेल. जाळीचं, टोपलीसारखं मुसकं घ्या. ते घालून तोंड पूर्ण उघडता यायला हवं, जीभ बाहेर यायला हवी आणि पाणी पिता यायला हवं. घरी रोज थोडा वेळ घालून, आतून खाऊ देऊन सवय करा. दवाखान्यात सकाळची पहिली वेळ मागा, आणि बाहेर रांगेत उभं राहण्यापेक्षा नंबर येईपर्यंत सावलीत थांबू देतील का ते फोनवरच विचारून ठेवा.